नव्या रायफलची सेफ्टी दगा देते तेव्हा: वाचकांचे प्रश्न

सेफ्टी म्हणजे चाप ओढला गेला तरी बार होऊ नये म्हणून रायफलवर असलेला खटका. तिच्याबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. खाली सांगितलेली प्रत्येक चाचणी पूर्ण रिकाम्या रायफलवर करायची आहे. मॅगझीन बाहेर, बोल्ट (मुठीनं मागेपुढे होणारा, नळी मागून बंद करणारा दांडा) उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) डोळ्यांनी पाहिलेलं आणि करंगळीनं चाचपलेलं. काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत. नळीचं तोंड अशा भिंतीकडे असावं जिच्यापलीकडे माणसांचा वावर नाही.

प्रश्न: नवी .३०८ बोल्ट रायफल घेतली. रिकाम्या रायफलवर सेफ्टी लावून चाप ओढला, काही झालं नाही. चाप सोडला, सेफ्टी पुढे ढकलली आणि बोट चापापासून लांब असतानाच पिन (काडतुसावर आदळून बार काढणारी सुई) सुटल्याचा ‘टक्’ आवाज आला. वीस वेळा करून पाहिलं, तीनदा असं झालं. दुकानदार म्हणतो, नवी आहे, जरा तेल सोडा, बसेल. सोडू का?

नका सोडू. आजपासून या रायफलमध्ये काडतूसही घालू नका, सरावाच्या मैदानावरसुद्धा नाही. बोल्ट काढून वेगळ्या जागी कुलपात ठेवा आणि दस्त्याला ‘नादुरुस्त, भरू नये’ अशी चिठ्ठी बांधा. वीसात तीनदा म्हणजे क्वचित, असं समजू नका. शिकारी सेफ्टी काढतो तेव्हा चेंबरमध्ये काडतूस असतं आणि त्याचं सगळं लक्ष जनावराकडे असतं. नेमक्या त्याच क्षणी ही रायफल आपणहून उडू शकते.

तेलाचा सल्ला का चुकीचा, ते आतली रचना पाहिली की कळतं. बोल्ट बंद केला की फायरिंग पिन मागे ताणलेली राहते. तिच्या शेपटाला, म्हणजे कॉकिंग पीसला, अडवून धरणारा भाग म्हणजे सीअर. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणावरून तुमच्या रायफलमध्ये सीअर चापाच्या वरच्या कडेवर टेकलेला असणार. अशा रचनेत सेफ्टी लावली की एक कॅम, म्हणजे सेफ्टीबरोबर फिरणारा उंचवटा, सीअरला केसभर वर उचलून धरतो. त्यामुळे चाप खाली मोकळा हलतो आणि पिन सुटत नाही. इथपर्यंत सगळं ठीक. चाप सोडल्यावर तो स्प्रिंगच्या जोरानं पूर्ण मूळ जागी येऊन पुन्हा सीअरखाली उभा राहायला हवा. तो अर्ध्यावर अडकला, तर सेफ्टी काढताना कॅम सीअरला खाली सोडतो आणि सीअरला टेकायला काहीच उरत नाही. पिन सुटते.

चाप अर्ध्यावर का अडकतो, याची कारणं मोजकीच. कारखान्यातलं गंजरोधक ग्रीस ट्रिगरच्या पेटीत, म्हणजे चाप आणि सीअर ज्यात बसतात तिथे, साचून घट्ट झालेलं असतं. स्क्रू हलू नये म्हणून लावलेला चिकट पदार्थ आत ओघळलेला असतो. धातूची बारीक कीस राहिलेली असते. चापाची स्प्रिंग कमजोर असते किंवा वजन हलकं करण्याच्या नादात कोणीतरी ढिली केलेली असते. किंवा सीअर आणि चाप यांची पकडच कमी ठेवलेली असते. हे प्रकार नामवंत कारखान्यांतही घडतात. रेमिंग्टननं एप्रिल २०१४ मध्ये मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली परत मागवल्या, त्या १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या होत्या. कारण दिलं होतं ते जोडणीच्या वेळी जास्त लागलेल्या चिकट पदार्थाचं.

आता तेल सोडलंत तर काय होईल? पहिले काही दिवस चाप सुरळीत परतेल. मग त्याच तेलात धूळ आणि न जळलेल्या दारूचे कण बसतील आणि दोष परत येईल, तोही रानात. शिवाय कारखान्याला दाखवायचा पुरावा तुम्ही स्वतःच धुऊन टाकलेला असेल. आमच्या मते हे दुसरं नुकसान मोठं आहे. दोष जसा आहे तसाच, काही न हलवता त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे.

पाठवण्याआधी नीट नोंद करा. बोल्ट बंद करून पिन ताणा, सेफ्टी लावा. चाप साधारण चार किलोच्या जोरानं ओढा, झटका न देता. चाप सोडा. बोट बाहेर काढा. सेफ्टी काढा. पिन सुटता कामा नये. मग चाप ओढा, आता ती सुटलीच पाहिजे. हे दहा वेळा. पुढच्या दहा वेळा सेफ्टीचा खटका मध्येच, ना इकडे ना तिकडे, असा थांबवा, चाप ओढा, सोडा आणि खटका आधी मागे, नंतर पुढे न्या. अर्ध्या जागेवर पिन सुटली किंवा तिथून हलवताना सुटली, तर तोही दोषच. शेवटी सेफ्टी काढलेली असताना बोल्ट दहा वेळा जरा जोरात बंद करा. धक्क्यानं पिन सुटली तर सीअरची पकड अपुरी आहे.

एक चाचणी लोक करत नाहीत, पण ती बरंच सांगून जाते. चापाचं वजन मोजायचा स्प्रिंगचा काटा मिळतो. सेफ्टीला हात न लावता पाच वेळा वजन मोजा. मग दर वेळी सेफ्टी लावून, चाप ओढून-सोडून, सेफ्टी काढून पाच वेळा मोजा. शिकारी रायफलचा चाप कारखान्यातून साधारण दीड ते दोन किलोचा येतो. दुसऱ्या पाच वेळांत वजन ठळकपणे उतरलं असेल, तर सीअर पूर्ण पकडीवर परत बसत नाही. त्या वेळी पिन सुटली नाही एवढंच, पुढे कधीतरी सुटेल.

ट्रिगरची पेटी उघडू नका. समायोजनाच्या स्क्रूंवर लाखेचा ठिपका असतो. तो फुटला की ‘ग्राहकानं छेडछाड केली’ म्हणून हमी नाकारायला निमित्त मिळतं. तक्रारीत मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, किती वेळा करून पाहिलं, किती वेळा आणि कोणत्या पायरीवर पिन सुटली, हे लिहा. सोबत बोल्टचं शेपूट आणि तुमचं बोट दोन्ही दिसतील असं चित्रण जोडा. ‘सेफ्टी बरोबर नाही’ एवढंच लिहिलं तर रायफल नुसती साफ होऊन परत येते. ‘सेफ्टी काढताना, चापाला स्पर्श नसताना, २० पैकी ३ वेळा पिन सुटली’ असं लिहिलं तर ती तपासणाऱ्याच्या टेबलावर जाते.

प्रश्न: माझ्या रायफलची सेफ्टी लागतच नाही. खटका मागे येतो आणि अडतो. नवीच आहे. बिघाड समजायचा का?

आधी पिन ताणलेली आहे का ते पाहा. बऱ्याच बोल्ट रायफलींत पिन सुटलेली असेल तर सेफ्टी लागत नाही, आणि ते तसंच असायला हवं. बोल्टची मूठ वर करून पुन्हा खाली आणा, पिन ताणली जाईल. मग लावून पाहा.

तरीही अडत असेल तर दस्त्याकडे बघा. खटका ज्या खाचेतून फिरतो तिथं लाकूड किंवा पॉलिमर घासल्याची चकाकी दिसते का? खाचेत कागदाची पट्टी सरकवा. खटका फिरताना पट्टी चिमटली गेली तर तो दस्त्याला घासतो आहे. दस्त्याचे स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळले की रायफलचा सांगाडा खाली दबतो आणि ही जागा कमी होते. दस्त्यात स्क्रूंभोवती धातूच्या नळ्या बसवलेल्या असतील तर साधारण ७ न्यूटन-मीटर, नुसतं लाकूड असेल तर ४ ते ५ इतका ताण बहुतेकांना पुरतो. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पान्यानंच आवळा. स्क्रू सैल केल्यावर सेफ्टी सहज लागू लागली, तर दोष ट्रिगरचा नाही, दस्त्याच्या कोरीव कामाचा आहे. तोही विकणाऱ्यानंच निस्तरायचा.

जुन्या माउझर ९८ धर्तीच्या रायफलींत सेफ्टीचं पातं बोल्टच्या शेपटावर उभं फिरतं. त्यांच्यावर दुर्बीण खाली बसवली तर पातं दुर्बिणीच्या मागच्या भागाला अडतं. तिथे दुर्बीण धरणारी कडी उंच घ्यावी लागतात किंवा आडव्या फिरणाऱ्या पात्याची सेफ्टी बसवून घ्यावी लागते.

प्रश्न: मैदानावर काडतूस भरलं आणि सेफ्टीबद्दल शंका आली. सेफ्टी लावलेली असताना माझा बोल्ट उघडत नाही. अशा वेळी रिकामी कशी करायची?

गोळी सुटणारच, असं धरून चाला. त्यानुसार प्रत्येक हालचाल करा.

नळी मऊ मातीच्या बांधाकडे वळवा. दगड, काँक्रीट, गोठलेली जमीन, पाणी नको, गोळी उसळते. गाडीत किंवा छपराखाली हे काम करायचं नाही. सगळे जण तुमच्या मागे. कानाला आणि डोळ्याला संरक्षण हवं. रायफल खांद्याला घट्ट लावा, पण डोळा दुर्बिणीजवळ नेऊ नका. आधी मॅगझीन काढा, म्हणजे मामला एकाच काडतुसाचा उरतो. मग बोट दस्त्याच्या कडेनं सरळ ठेवून सेफ्टी काढा आणि त्याच ओघात बोल्टची मूठ वर करा. मूठ वर गेली की पिन मागे ओढली जाते आणि धोका टळतो. बोल्ट मागे घ्या, काडतूस जमिनीवर पडू द्या. ते हातात झेलायला जाऊ नका, लक्ष नळीवरून उडतं.

सेफ्टी काढताच ‘टक्’ झालं आणि गोळी मात्र सुटली नाही, तर बोल्टला हात लावायचा नाही. नळी बांधाकडेच धरून निदान मिनिटभर थांबा. दारू उशिरा पेटू शकते.

आणि सेफ्टी लागलेल्या जागीच अडकून बसली, बोल्टही हलत नाही, तर स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. भरलेली रायफल गाडीत घालून दुकानात नेणं तर मुळीच नको. ती बांधाकडे तोंड करून पडू द्या, कोणी तरी राखणीला ठेवा आणि जाणकार कारागिराला तिथं बोलवा.

नवी रायफल घेणाऱ्यांना आमचा आग्रह असा, की सेफ्टी लावलेली असतानाही बोल्ट उघडता येईल अशी रचना निवडा. तीन जागांच्या सेफ्टीत मधल्या जागी पिन अडवलेली राहते आणि बोल्ट मोकळा होतो. काही दोन जागांच्या सेफ्टीत मुठीच्या बुंध्याशी वेगळं बटण असतं. रिकामी करताना सेफ्टी काढावी लागत नाही, हा फार मोठा फायदा आहे.

प्रश्न: माझी सेफ्टी तीन जागांची, पिनलाच अडवणारी. दुकानदार म्हणतो ही कधी बिघडत नाही. खरं का?

ही रचना चांगलीच. इथे सेफ्टीचा कॅम कॉकिंग पीसला मागे ढकलतो, त्यामुळे सीअरवर भारच राहत नाही आणि चाप खाली काहीही करो, पिन जागेवर राहते. पण कॅम आणि कॉकिंग पीस यांचं जमणं हातघाईनं केलेलं असेल, तर पीस पुरेसा मागे येत नाही. मग चाप ओढल्यावर सीअर खाली उतरतो आणि पीसच्या दाबामुळे परत वर चढत नाही. पुढे सेफ्टी काढली की तेच, पिन सुटते.

तपासायला पेन्सिल पुरते. पिन ताणून, सेफ्टी न लावता, कॉकिंग पीस जिथे बोल्टच्या टोपणातून बाहेर येतो तिथे दोन्हीवरून जाणारी एक बारीक आडवी रेघ मारा. सेफ्टी लावा. पीसवरचा तुकडा किंचित मागे सरकायला हवा. सरकलाच नाही तर कॅम काम करत नाही. आता चाप ओढा, सोडा, सेफ्टी काढा. रेघेचे दोन तुकडे पुन्हा अगदी समोरासमोर आले पाहिजेत. पीसवरचा तुकडा थोडा पुढे थांबला, तर सीअर काठावर टेकलेला आहे. अशी रायफल बुडाला धक्का लागला तरी उडू शकते. ज्या रायफलींचं शेपूट झाकलेलं असतं तिथे ही युक्ती चालत नाही, तिथे चापाच्या वजनाची वर सांगितलेली चाचणी करा.

प्रश्न: चाप ओढला, आवाज झाला, पण पिन पडली नाही. सेफ्टी काढलेलीच होती. चापाच्या मधोमध एक पातळ पातं आहे.

हा बिघाड नसण्याचीच शक्यता जास्त. सॅव्हेजच्या ॲक्युट्रिगरसारख्या रचनेत ते पातं आधी पूर्ण दाबलं गेलं तरच सीअरला वाट मोकळी होते. चाप कडेनं ओढला किंवा धक्क्यानं हलला, तर सीअर सुटतो आणि पात्यावर अडतो. बोल्ट उघडून पुन्हा बंद करा, पिन ताणली जाईल. बोटाचं टोक बरोबर मध्ये ठेवून ओढूनही असं होत असेल, तर मात्र पाठवा.

प्रश्न: कडाक्याच्या थंडीत सेफ्टी जड होते, कधी अर्ध्यावर थांबते. घरात आणली की ठीक.

जवळजवळ नेहमी याचं कारण घट्ट झालेलं वंगण असतं. नव्या रायफली गंजरोधक ग्रीस लावून येतात, ते साठवणुकीसाठी असतं, वापरासाठी नाही. बोल्ट सुटा करून पिन आणि तिची स्प्रिंग द्रावकानं पूर्ण कोरडी करा. तेलाचा हात फक्त बोल्टला जागी अडकवणाऱ्या दातांना, आणि तोही पुसून घेतलेला. ट्रिगरच्या पेटीत तेल नाहीच. पुस्तिकेत परवानगी असेल तर लायटरच्या पेट्रोलानं पेटी धुवा. नळी खाली, रायफल उलटी धरून, मोकळ्या हवेत, जवळपास ज्योत नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडणी नाही. डब्ल्यूडी-४० सारख्या फवाऱ्यांचा पातळ थर मागे राहतो आणि पुढे चिकट होतो, ते टाळा.

दुसरं कारण दवाचं. थंडीतून उबेत आणलेल्या रायफलवर पाणी साचतं आणि पुन्हा बाहेर नेली की आतच गोठतं. रात्री ती थंड जागेतच, पण कुलपात, ठेवा.

धुऊन वाळवल्यावर, थंडीत तासभर ठेवून, पहिल्या उत्तरातल्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा. उबेत पास झालेली सेफ्टी थंडीत पास झाली असं होत नाही. आणि लक्षात घ्या, धुण्याचा हा इलाज खटका जड होण्यावर आहे. सेफ्टी काढताना पिन सुटत असेल तर धुवायचं नाही, पाठवायची.

प्रश्न: रायफल खांद्याला अडकवून चालताना सेफ्टी आपोआप पुढे सरकते. अंगठ्याखालची, दस्त्याच्या मानेवरची सेफ्टी आहे.

खटक्याखाली स्टीलचा बारीक छर्रा आणि त्यामागे स्प्रिंग असते. छर्रा खाचेत बसतो तेव्हा अंगठ्याला ‘कट्’ असं जाणवतं. ते जाणवणं बोथट असेल, तर खाच उथळ आहे, स्प्रिंग कमजोर आहे किंवा खाचेत घाण आहे. खटका मागे असताना कापडी बाहीची कड त्यावरून दहा वेळा ओढा. एकदाही सरकला तर तक्रार करा. पार्ट स्वस्त आणि काम छोटं असतं, पण ते जाणकारानंच करावं. तोवर, आणि खरं तर त्यानंतरही, चालताना चेंबर रिकामं ठेवा. काडतूस मॅगझीनमध्ये, जनावर दिसल्यावर चेंबरमध्ये.

प्रश्न: कारखान्याकडून रायफल दुरुस्त होऊन आली. आता विश्वास कसा ठेवायचा?

आधी कागद वाचा. ‘तपासली, दोष आढळला नाही’ एवढंच लिहिलं असेल तर स्वीकारू नका. तुमच्या नोंदी आणि चित्रण पुन्हा पाठवा. ‘साफ करून समायोजन केलं’ हेही आम्हाला पुरेसं वाटत नाही. सीअर सोडणारा दोष नव्या रायफलमध्ये दिसला असेल तर ट्रिगरची पूर्ण पेटी बदलून मागा आणि तसं लेखी घ्या.

मग सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, या वेळी दहाच्या जागी पन्नास वेळा. रिकामा बार सोसणारी स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेलं नकली काडतूस, चेंबरमध्ये ठेवा. रिमफायर (पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आदळते अशी) रायफल असेल तर ती हवीच, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आदळून कड चेपते. उंचावरून पाडून पाहण्याच्या भानगडीत पडू नका. अमेरिकी उत्पादकांच्या मानकात चार फुटांवरून रबरी चटईवर पाडण्याची चाचणी असते, पण ती कारखान्यातली. घरी करायची ती इतकीच: पिन ताणून, सेफ्टी काढून, बूड जाड रबरी चटईवर वीतभर उंचीवरून काही वेळा टेकवा, आणि दस्त्याच्या दोन्ही बाजूंना रबरी हातोडीनं हलके टोले द्या. पिन सुटायला नको.

या सगळ्यातून पार पडली की मैदानावर जा. पहिली दहा काडतुसं एकेक करून भरा, मॅगझीन रिकामं ठेवूनच. दर वेळी बांधाकडे तोंड करून भरा, सेफ्टी लावा, बोट बाहेर ठेवूनच ती काढा, मग बार काढा. भरलेल्या रायफलवर सेफ्टी लावून चाप ओढून पाहणं मात्र कधीच करायचं नाही, कारागीर समोर उभा असला तरी नाही. पुढे दर हंगामाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक पडझडीनंतर रिकाम्या रायफलवर दहा-दहाची फेरी करा आणि चापाचं वजन पहिल्या नोंदीशी ताडून पाहा.